रविवारी धुतलेली गाडी

पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं आणि थोरलीला वाटलं, चला, निम्मं घोडं गंगेत न्हालं. मग तिने क्लच दाबला, गिअर टाकायला गेली, आणि खालून असा खरखराट आला की पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली.

"परत टाक," आप्पा म्हणाले. ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मान जराशी वाकडी, तोंड भलतीकडेच, पण कान गाडीवर.

"टाकतेच आहे."

"क्लच पूर्ण दाबलायस ना?"

"पाय जमिनीला टेकलाय, आप्पा. अजून दाबला तर थेट पाताळात."

पुन्हा खरखराट. थोरलीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

ज्यांनी आयुष्यात कधी गाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की इंजिन आणि गिअर यांची गाठ घटकाभर सोडवायची, मधल्या मधे गिअर बदलून घ्यायचा आणि पुन्हा गाठ मारायची, एवढंच क्लचचं काम. क्लच दाबूनही गाठ सुटत नसेल तर चालत्या इंजिनावर गिअर पडत नाही. जबरदस्ती केलीत तर दात मोडतील. गाडीचे हो. तुमचे नंतर.

गाडी आप्पांची. आप्पा कारखान्यात टर्नर होते, लेथवर. तरुणपणी भंगारात पडलेला हा गोल दिव्यांचा सांगाडा त्यांनी घरी आणला आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग लावत उभा केला. जे मिळालं नाही ते स्वतः लेथवर काढलं. थोरली फ्रॉकमध्ये असल्यापासून त्यांच्या हातात पाने द्यायला बसायची. धाकटीला ग्रीसचा वास सहन होत नसे, म्हणून या गाडीवर खरा हक्क आपला, हे थोरलीच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

पुढे थोरली दुसऱ्या शहरात गेली. तिथे तिचं विजेच्या जळलेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान होतं, चांगलं चाललेलं. धाकटी नवऱ्यासकट आप्पांजवळ राहिली. आणि इथे खरं तेच बोलू. माणूस लांब राहिला की त्याचं प्रेम फार थोर होतं, कारण त्याला रोज मोरी धुवावी लागत नाही. थोरली दर आठवड्याला फोन करायची, "काळजी घ्या" म्हणायची, आणि फोन ठेवला की आपण वडिलांचं किती करतो या समाधानात निवांत झोपायची.

आप्पांना काचबिंदू. नजर कडेने खात खात आत आलेली. आता नळकांड्यातून पाहावं तसं समोरचं थोडंसं दिसायचं, तेही उजेड असला तर. सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणारी होती. म्हणाली, "गेलेली नजर मी परत आणू शकत नाही. उरलेली टिकावी म्हणून करायचंय. टिकली तर चांगलं. कधीकधी तीही जाते. आधीच सांगून ठेवते." आप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन एकच गोष्ट मागितली. ऑपरेशनच्या आधी एकदा गाडी चालवायची. कुणाशेजारी बसून नाही, स्वतः.

त्यासाठी थोरली दुकानाला कुलूप लावून आली होती. हातात शनिवार आणि रविवार, एवढंच.

"क्लचचं तेल तपास," आप्पा म्हणाले. "नळीत हवा असेल."

थोरलीने पेडलच्या वरची तेलाची बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली. मग धाकटीला सीटवर बसवलं आणि स्वतः खाली शिरली.

"दाब," थोरली खालून ओरडली. "धर. सोड. दाब."

"ताई, पाय दुखला माझा."

"बाळंतपणात एवढी कुरकुर केली नव्हतीस."

"तेव्हा तू नव्हतीस म्हणून."

खालचा नट ढिला केल्यावर नळीतून तेल आलं ते स्वच्छ, एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा नव्हती. मग थोरलीने पडून पडूनच गिअरबॉक्सच्या कडेला बाहेर डोकावणारा लोखंडी फाटा निरखला. पेडल दाबलं की हा फाटा सरकतो आणि आतल्या प्लेटवरचा दाब उचलतो.

"सरकतोय किती?" आप्पांनी विचारलं.

"अंगठाभर."

आप्पांनी स्वतःचा अंगठा चाचपला. मग म्हणाले, "तेवढाच सरकायला हवा. म्हणजे पेडल चांगलं, नळी चांगली, सिलिंडर चांगला. दाब उचलला जातोय, तरी प्लेट सोडत नाही. भोकातून आत बघ. बॅटरी मार."

गिअरबॉक्सच्या पोटाला तपासायला एक खिडकी असते, काडेपेटीएवढी. थोरलीने तिचं झाकण काढलं, टॉर्च लावला. आत तांबडा भुगा. विटेच्या चुऱ्यासारखा, थर धरून बसलेला.

"गंज आहे," ती म्हणाली. "प्लेट फ्लायव्हीलला, इंजिनाच्या चाकाला, चिकटलीय. डिंक लावल्यासारखी."

"गंज कसा येईल?" आप्पा म्हणाले. "वर पत्रा, खाली फरशी. पावसाचा थेंब येत नाही इथे."

तेव्हा मागच्या भिंतीजवळून आवाज आला. "पाणी मी मारतो."

हा धाकटीचा नवरा. विमा कचेरीत कारकून. सकाळपासून एक कोरडं फडकं हातात धरून उभा होता, कुणी काही मागेल या आशेने. अतिशय नीटनेटका माणूस. चप्पल काढली तरी जोडीने, दाराशी काटकोनात. थोरली त्याला पाठीमागे टापटीप म्हणायची आणि तोंडावर जावईबापू, तेही अशा सुरात की टापटीप परवडला.

"कसलं पाणी?" थोरली गाडीखालून बाहेर आली.

"दर रविवारी. आप्पांनी सांगितलं होतं, गाडी दर रविवारी चालू करायची आणि स्वच्छ ठेवायची. मी चालू करतो. मग धुतो."

"खालून?"

"खालून जास्त. घाण खालीच असते ना, ताई. पाइप लावून."

"आधी चालू करता आणि मग धुता?"

"धुराने मागची नळी काळी होते. आधी धुतली तर परत काळी होणार. म्हणून आधी चालू, मग धुलाई."

थोरलीने हातातला पाना फरशीवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. "उलट केलं असतं तरी चाललं असतं. धुऊन मग चालू केली असती तर इंजिनाच्या गरमीने पाणी सुकलं असतं. तुम्ही ओली करायचात, कुलूप लावायचात आणि आठवडाभर भिजत ठेवायचात. आणि एकदा, एकदा तरी क्लचवर पाय ठेवावा."

"मला गाडी येत नाही," टापटीप म्हणाला. "क्लच कशाला दाबायचा, ते कुणी सांगितलं नाही."

"सांगावं लागतं? नळी चकचकीत आणि काळीज कुजकं. एवढी वर्षं नुसता नवरीसारखा मेकअप करत बसलात. सोमवारी माणसाचे डोळे..."

"थोरले," आप्पा म्हणाले.

"मी खोटं बोलतेय?"

"खरं बोलतेस. अर्धं. क्लच दाबायचा हे मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते काय सांगायचं. श्वास घे असं कुणी कुणाला सांगतं का. यांना जेवढं सांगितलं तेवढं यांनी केलं. ताप असताना केलं. कचेरीतून रविवारी बोलावणं आलं तर पहाटे उठून केलं."

धाकटी सीटवरून उतरली. ती सहसा भांडत नसे, त्यामुळे तिचं भांडण जिव्हारी लागायचं. "ताई, तुझं फार झालं. तू शुक्रवारी आलीस, मंगळवारी जाशील. आप्पांच्या डोळ्यांत थेंब रोज कोण घालतं, विचार. मला जमत नाही, माझा हात थरथरतो. तुला गाडीचं काळीज दिसलं, बरं झालं." आणि ती घरात निघून गेली.

टापटीपने खाली पडलेला पाना उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. थोरलीला त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटला.

दुपारी कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन गेला. भला माणूस. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "निदान बरोबर आहे तुमचं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझी दोन्ही पोरं लग्नाला गेलीत, पुढच्या आठवड्याशिवाय हात लागत नाही. गाडी एवढी उभी राहिली, अजून चार दिवस राहील."

गाडी राहील हो. गाडीचं कुणाला पडलं होतं.

जाता जाता त्याने एक गोष्ट सुचवली. क्लच दाबून पेडलला लाकडाचा टेकू द्यायचा आणि रात्रभर ठेवायचा. कधीकधी गंज आपणहून सुटतो. थोरलीने फळी कापून पेडल आणि सीट यांच्यामध्ये ठोकली. रविवारी सकाळी काढली, गिअर टाकून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. तोच खरखराट.

थोरली बॉनेटला टेकून उभी राहिली. ती रडणारी बाई नव्हती. पण नाकातून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो आप्पांना ऐकू जात होता.

"एक उपाय आहे," आप्पा म्हणाले. "कारखान्यातल्या जुन्या ट्रकवर आम्ही करायचो. इंजिन चांगलं गरम करायचं, बंद करायचं. बंद असताना गिअर पडतो. पहिल्यात टाकायची, क्लच दाबून धरायचा आणि किल्ली मारायची. स्टार्टर गाडीला ओढतो, इंजिन पकडतं, गाडी पळत सुटते. मग क्लच तसाच दाबलेला ठेवून ॲक्सिलरेटर जोरात द्यायचा आणि झटक्यात सोडायचा. द्यायचा, सोडायचा. हिसके बसले की गंज मोडतो."

"आणि थांबायचं कसं?"

"किल्ली बंद करून."

"बॅटरी टिकेल? अख्खी गाडी ओढायची म्हणजे..."

"टिकेल. दर रविवारी चार्ज होतेय. इंजिनही एका किल्लीला पकडतं. नुसती उभी ठेवलेली असती तर हा उपाय करायचा विचारसुद्धा करता आला नसता." आप्पांनी हे कुणाकडे बघून म्हटलं नाही. ते कुणाकडेच बघून काही म्हणत नसत आता. पण थोरलीला ते बरोबर पोचलं. काल सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन लागलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली होती, जणू तिच्या हाताचा गुण. ज्याच्या हाताचा गुण तो भिंतीजवळ फडकं घेऊन उभा होता.

तिला हे कळलं. पण कळणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. ती म्हणाली, "चला, ढकला."

गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या गोदामाचं मोठं सिमेंटचं आवार होतं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत नेली. थोरली एका बाजूने, दाराचा खांब धरून आणि आत हात घालून स्टिअरिंग सांभाळत, टापटीप मागे, धाकटी दुसऱ्या बाजूने, गाल फुगवूनच पण जोर लावून. दोन घरं ओलांडली तर दूधवाला सायकल लावून मागे आला, मग इस्त्रीवाला दुकान उघडं टाकून आला. कुणी विचारलं नाही कशासाठी. गोदामाच्या राखणदाराने आप्पांना पाहिलं, फाटक उघडलं आणि म्हणाला, "मी मागच्या बाजूला चक्कर मारायला जातोय. माझी चक्कर लांबलचक असते." असली माणसं जगात आहेत म्हणून जग चाललंय, नाहीतर केव्हाच गिअरबॉक्स उतरवायला लागला असता.

पहिल्यांदा थोरली बसली. इंजिन गरम केलं, बंद केलं, पहिला गिअर टाकला, क्लच दाबला, किल्ली मारली. गाडीने माकडासारखी उडी घेतली आणि सुटली. थोरलीने आवाराला एक फेरी मारली, दुसरी मारली. ॲक्सिलरेटर देत होती, सोडत होती. गाडी हिंदकळत होती. प्लेट काही सुटेना. शेवटी किल्ली बंद करून ती आप्पांपाशी येऊन थांबली.

"तू गाडीला कुरवाळतेयस," आप्पा म्हणाले. "तिला दुखू नये म्हणून. आवाजावरून कळतं. उतर."

"आप्पा, तुम्हाला भिंत दिसत नाही."

"मी तरी भिंतीला कुठे दिसतोय. उतर. पायाला डोळे लागत नाहीत. डोळे म्हणून तू शेजारी बस."

वडिलांना नाही कसं म्हणायचं ते तिला कधीच जमलं नव्हतं. ती शेजारी बसली. आप्पांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर गेले ते चाचपडत नाही, घरी परत आल्यासारखे. किल्ली फिरली, गाडी उडाली.

"डावीकडे घ्या," थोरली म्हणाली. "एवढं नाही, जरासं. अहो उजवीकडे. पुढे पिंप आहे, आप्पा, हळू, पिंप, नाही, तिकडून नको, अहो..."

आप्पांनी किल्ली बंद केली. गाडी धक्का खाऊन थांबली. पिंप पुढच्या दिव्यापासून हातभर लांब होतं.

"मी तुला ऐकू की इंजिन ऐकू?" आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त बोचलं. "तू मागे बस. जावईबापूंना पुढे येऊ दे."

"त्यांना गाडी येत नाही."

"मी येतो ना त्यांना."

थोरली मागे जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती या गाडीच्या मागच्या सीटवर बसली होती. धाकटी आधीच दुसऱ्या कोपऱ्यात होती. तिने सरकून जागा करून दिली.

टापटीप पुढे बसला. फडकं घडी करून मांडीवर ठेवलं आणि हात त्यावर.

किल्ली. उडी. गाडी सुटली.

"मोकळं," टापटीप म्हणाला.

इंजिन गुरगुरलं. आप्पांनी ॲक्सिलरेटर दिला, सोडला. सगळ्यांची डोकी पुढे गेली, मागे आली.

"मोकळं. भिंत येतेय. डावीकडे. अजून. पुरे. मोकळं."

ना आवाज चढलेला, ना घाई. शब्द पडायचा तो बरोबर वेळेवर आणि एकच. आप्पा त्यावर विसंबून हात फिरवत होते, जसा माणूस आपल्याच जिन्याच्या कठड्यावर विसंबतो. मागे बसलेल्या थोरलीला हळूहळू उमगलं, की हे आज बसवलेलं नाटक नाही. असंच हा माणूस त्यांना जिन्यावरून उतरवत असणार. असंच न्हाणीघरापर्यंत नेत असणार, दवाखान्याच्या रांगेतून, रस्त्याच्या पलीकडे. पायरी. पुरे. मोकळं. हजार वेळा बोलून बोलून शब्द झिजून एवढेसे उरले होते, आणि त्यात चुकीला जागा नव्हती. तिने मात्र फोनवर किती शब्द ओतले होते. टाकीभर. त्यातला एकही या चाकाच्या कामाचा नव्हता.

"आता जोरात देतो," आप्पा म्हणाले.

"द्या. सगळं मोकळं आहे."

आप्पांनी पाय दाबला तसा इंजिनाने गळा काढला. मग पाय झटक्यात उचलला. पुन्हा दाबला. पुन्हा उचलला. गाडीचा प्रत्येक नट शिव्या देत होता. धाकटीने ताईचा दंड धरला. आणि मग खालून धाडकन आवाज आला, कुणी लोखंडी दार आपटून उघडावं तसा. गाडीची ओढ एकदम नाहीशी झाली. इंजिन मोकळं सुटून किंचाळलं, आप्पांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तसं ते खाली आलं आणि समाधानाने पुटपुटू लागलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू, क्लच दाबलेला, आणि ती नुसती घरंगळत घरंगळत थांबली.



"सुटली," आप्पा म्हणाले.

त्यांनी क्लच हळूच वर घेतला. गाडी लोण्यातून निघावी तशी निघाली. थोड्या अंतरावर क्लच, दुसरा गिअर. कुठेही खट्ट नाही. थोरलीने मागून वडिलांची मान पाहिली. इतके दिवस कानासाठी वाकडी झालेली ती मान सरळ होती. तोंड समोर होतं. त्यांनी एक फेरी मारली, मग आणखी एक. मग थोरलीने मोजायचं सोडून दिलं. उन्हाचा पट्टा काचेवर येत होता, जात होता, आणि नळकांड्याएवढ्या नजरेत जेवढा मावेल तेवढा आप्पा घेत होते.

शेवटी ते स्वतःच थांबले, हँडब्रेक ओढला. "पाय भरून आले," म्हणाले, आणि धाकटीचा हात धरून सावलीत उभे राहायला उतरले.

गाडीत दोघंच राहिली. टापटीपच्या कपाळावरून घाम ओघळत होता. इतका वेळ त्याने पुसला नव्हता, फडकं मांडीवर असून.

"तुमच्यामुळे झालं," थोरली म्हणाली. तिला हे मागच्या सीटवरून, त्याच्या पाठीला सांगणं सोपं गेलं.

"नाही हो, ताई. बिघडलं तेच माझ्यामुळे."

"तेही तुमच्यामुळेच. मी कुठे नाही म्हणते. दोन्ही घ्या." मग पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून, "काल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. आणि आप्पांचं जे तुम्ही करता ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंच नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते मला येत नाही. मी मोटारी गुंडाळणारी बाई आहे."

टापटीपने फडक्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "माझे वडील लहानपणीच गेले," तो म्हणाला. "मला आयते मिळाले. उपकार कसले त्यात." आणि लगेच खिडकीबाहेर बघत, "चाकांना केवढी धूळ बसलीय."

"आधी धुवा, मग चालू करा," थोरली म्हणाली. "आणि क्लच दाबा."

तो हसला. तिने त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं, किंवा कधी लक्षच दिलं नव्हतं.

घरी जाताना मुख्य रस्त्यावरूनच लांबून जाऊ, असं आप्पा म्हणाले, एवढी सजलेली गाडी गल्लीतून काय न्यायची. थोरली चालवायला बसली, आप्पा शेजारी. चौकात गाड्यांची रांग थांबली होती. थोरलीने क्लच आणि ब्रेक दाबला आणि गाडी उभी राहिली, इंजिन हलकेच चालू. पुढे बस, बाजूला रिक्षा, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. आप्पांनी मान वर केली, डोळे बारीक केले. सिग्नलचा दिवा त्या नळकांड्यात काही सापडेना.

थोरलीच्या ओठांवर एक लांब वाक्य आलं होतं. तिने ते गिळलं.

"लाल," ती म्हणाली.

आप्पांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून निवांत बसले. रांग हलली.

"हिरवा," थोरली म्हणाली, आणि क्लच सोडला.